बाबांची स्कूटर आणि खोपटचा मुलगा

आसावरी स्कूटरला शिव्या देत होती, तेव्हा तिला वाटलेलं, ऐकायला कोणी नाही.

शिव्या तरी काय, चांगल्या घरातल्या मुलीच्या शिव्या. "सूट ना रे मेल्या... सकाळपासून हात जोडतेय तुला. सूट की एकदाचा." केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, गुडघे फरशीवर, एक हात स्कूटरच्या पोटाखाली. आणि मागून आवाज आला,

"आत कोण अडकलंय?"

ती दचकून वळली. पार्किंगमधल्या खांबाला टेकून, गुंडाळलेल्या गादीवर एक मुलगा बसला होता. शर्ट पाठीला चिकटलेला, कोपरापर्यंत धूळ, डोळ्यांखाली आठवडाभराची झोप साचलेली. तो हसत होता, पण इतका दमून, की हसू डोळ्यांतच राहिलं होतं, ओठांपर्यंत पोचायला त्याच्यात जोरच नव्हता.

"बोल्ट," ती म्हणाली.

"असं होय. मला वाटलं माणूस आहे. विचार करत होतो, मदतीला यावं की पोलिसांना बोलवावं."

"तुम्ही कोण?"

"राजरत्न. दुसऱ्या मजल्यावरच्या मंजुळामावशीचा भाचा. खोपटहून आलोय, तिला घेऊन जायला. आत्ताच तिचं कपाट खाली आणलं. म्हणजे मावशी त्याला कपाट म्हणते. मला तो हत्ती वाटला."

आसावरीला हसू आलं. पण हसायलाही ताकद लागते. तिने नुसती मान हलवली आणि पुन्हा पाना उचलला.

तर झालं असं होतं, की डोंबिवलीतली 'निशिगंध' सोसायटी उद्यापासून पाडायला घेणार होते. जागेवर टॉवर होणार, तोपर्यंत सगळ्यांनी भाड्याच्या घरात जायचं. विजेचे मीटर कालच काढून नेलेले. पार्किंगमध्ये प्रत्येक घराने नको असलेलं काय काय आणून टाकलेलं... कॉटचे पाय, बिनदाराची शोकेस, कोणाचा तरी तबला, डग्गा नाहीच. संध्याकाळी भंगारवाला येणार होता, आणि जे उरेल ते त्याचं असं ठरलं होतं.

जे उरेल त्यात बाबांची स्कूटर होती.

गिअरची जुनी स्कूटर. गेल्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी भरलं, सीटपर्यंत. त्याच आठवड्यात बाबा हॉस्पिटलात. नाक्यावरच्या मेकॅनिकने फोनवर सांगितलेलं, इंजिनात पाणी गेलंय, आधी खालचा बोल्ट काढून सगळं ऑइल बाहेर काढा, तोपर्यंत चुकूनही किक मारू नका, नाहीतर इंजिन गेलंच समजा. मग तो गावाला गेला तो गेलाच. बाबा घरी आले ते डावा पाय जरा ओढतच. आणि बोल्ट काही सुटला नाही.

आता ठाकुर्लीच्या घरमालकाने बजावून ठेवलेलं, चालू गाडी असेल तर आणा, बंद गाडीला जागा नाही. बाबा म्हणाले, "देऊन टाक भंगारात. मला कुठे आता चालवायचीय."

असं म्हणाले खरे. पण सकाळपासून ते पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, घरात उरलेल्या एकुलत्या एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते आणि समोरच्या रस्त्याकडे बघत होते. खाली स्कूटरकडे नजर जाऊ नये म्हणून माणूस इतक्या निगुतीने रस्ता बघतो, हे आसावरीने पहिल्यांदाच पाहिलं.

ती एका लॅबमध्ये कामाला होती. पहाट फुटायच्या आत लोकांच्या घरी जाऊन रक्त घ्यायचं, मग दुपारपर्यंत लॅब, मग घरी येऊन खोकी भरायची. रविवार एवढा एकच तिचा. आणि तो या बोल्टने खाल्ला होता.

"सरक गं आसू, सरक." सोसायटीचे सेक्रेटरी गोपीनाथकाका जिना उतरून आले. हातात कुलपांच्या किल्ल्यांचा जुडगा. "माझ्या हाताला येतो बघ."

"काका, तुम्ही दिवाळीतपण केलेलं."

"तेव्हा माझा खांदा दुखत होता." काका वाकले, वरून पाना लावला, दात आवळले, एक हिसका दिला. मग सरळ होऊन समाधानाने हात झटकले. "हलला बरं का थोडा. आता तुझ्या हाताला येईल." आणि किल्ल्या वाजवत निघून गेले.

राजरत्नने भुवया उंचावल्या. "खरंच हलला?"

"सगळे तेच म्हणतात. वर्षभर अख्खी बिल्डिंग येऊन एकेक हिसका देऊन गेलीय. प्रत्येक वेळी थोडा हलतो."

"मग एव्हाना सुटून कल्याणला पोचायला हवा होता."

तो गादीवरून उठला. उठताना त्याच्या गुडघ्याचा आवाज झाला, आणि दोघांनीही तो ऐकला नाही असं दाखवलं.

"सरका."

"तुम्हीपण?"

"मी क्लासमध्ये विज्ञान शिकवतो. आठवीच्या चार बॅचेस. तरफेवर तर माझं इतकं प्रेम आहे..."

"पोरं झोपतात ना तुमच्या तासाला?"

"पोरं नाही झोपत. मी झोपतो." त्याने वाकून पाना लावला, जोर दिला, कानशिलं लाल झाली. थांबला. आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "हलला बरं का थोडा."

आसावरीने तोंडावर हात धरला. हात ऑइलचा होता, तेव्हा गालावर काळा पट्टा उमटला. त्याला तो दिसला. सांगावं की नाही... तो क्षणभर घुटमळला, आणि काही बोललाच नाही. पट्टा तिला शोभत होता, आता काय करणार.

मग मात्र त्याने बाह्या सरसावल्या. "असं करू. विज्ञानाने जाऊ. वर गॅस आहे अजून?"

"आईने शेवटच्या चहासाठी ठेवलाय."

"मग उकळतं पाणी मागवा. इंजिनचं अंग अॅल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडाचा. गरम झालं की अॅल्युमिनियम जास्त फुगतं. भोक जरासं मोठं होतं. ढिला पडेल."

आसावरीने वर हाक मारली, आईने दोरीला बांधून किटली खाली सोडली. कपडे वाळत घालायची दोरी, ती तेवढी अजून बांधलेली होती. राजरत्नने जुन्या टॉवेलचा तुकडा बोल्टवर गुंडाळला आणि आसावरीने त्यावर हळूहळू पाणी सोडलं. वाफेला ऑइलचा वास, गंजाचा वास, आणि वाऱ्यावर एमआयडीसीचा नेहमीचा तो उग्र वास. त्यातच कुठेतरी त्याच्या शर्टाला लागलेला मावशीच्या कपाटातल्या डांबरगोळ्यांचा.

"आता तेल हवं," तो म्हणाला. "पातळ. आट्यांमध्ये झिरपेल असं. गंजावरचा स्प्रे मिळतो, पण दुकान आज बंद."

"खोबरेल?"

"केस वाढवायचेत का बोल्टचे?"

"मग तुम्हीच सांगा, सर."

ते 'सर' तिने असं काही म्हटलं, की त्याच्या हातातली किटली जरा हेलकावली. मग त्याचं लक्ष जिन्याकडे गेलं. जिन्यावर मंजुळामावशी बसली होती, मांडीवर शिलाई मशीनचं डोकं घेऊन, लेकरासारखं. निशिगंधमधल्या सगळ्या बायकांचे ब्लाऊज तिने त्या मशीनवर शिवले होते. आसावरीचा शाळेचा पहिला युनिफॉर्मसुद्धा.

"मावशे, तुझी तेलाची कुपी दे ना."

"कशाला?"

"स्कूटरला."

"माझ्या मशीनचं तेल स्कूटरला?" मावशीने भाच्याकडे पाहिलं, मग आसावरीच्या गालावरच्या काळ्या पट्ट्याकडे, मग पुन्हा भाच्याकडे. "हत्तीला पण घालशील तू. घे. टाकलं की लगेच जोर करू नको. मुरू दे."

लांब चोचीची ती चिमुकली कुपी. तिची चोच बरोब्बर बोल्टच्या कडेला पोचत होती. आसावरीने एकेक थेंब सोडला, तो पान्याने बोल्टच्या डोक्यावर टकटक करत राहिला, हलकेच, दार वाजवावं तसं. थेंब पडायचा, कडेला क्षणभर थबकायचा आणि आत नाहीसा व्हायचा.

आणि मग थांबायचं होतं. ते सगळ्यात कठीण. काहीतरी करत राहिलं की दमणूक कळत नाही, थांबलं की सगळी अंगावर येते. दोघं गादीवर बसली, मध्ये एका माणसाची जागा सोडून. आईने चहा पाठवला, स्टीलच्या दोन वाट्यांत, कप कालच गेले होते.

"तुमचं पण रोज असंच असतं?" त्याने विचारलं. "म्हणजे... रात्री पाठ टेकली की वाटतं, आत्ताच तर उठलेलो?"

"मी एकदा पेशंटच्या सोफ्यावर झोपलेले. रक्त घेऊन झालं, कापूस दाबून धरा म्हटलं, आणि मीच... आजोबांनी पांघरूण घातलं."

"आणि कापूस?"

"त्यांनी दाबून धरलेला. मी उठेपर्यंत."

तो हसला. या वेळी हसू ओठांपर्यंत आलं. आसावरीने पाहिलं आणि वाटीत बघू लागली. वाटीतला चहा संपलेला होता, तरी तिने एक घोट घेतला.

त्याचा फोन वाजला. तो उठून गेटपर्यंत गेला, पाठ करून हळू आवाजात काहीतरी बोलला आणि परत आला.

"सामानाचा टेंपो?" तिने विचारलं.

"हं. येतोय. अडकलाय जरा..." त्याने गेटकडे पाहिलंच नाही. "चला. बोल्ट बघू."

भंगारातला कॉटचा पाय पोकळ होता. तो पान्याच्या दांड्यावर नळीसारखा चढवला, की दांडा हातभर लांब. दोघांनी मिळून धरला. तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागला आणि दोघांपैकी कोणीच 'सॉरी' म्हटलं नाही.

"एक... दोन..."

पाना सटकला. नळी घणघणत फरशीवर पडली आणि आसावरीच्या बोटांचं कातडं इंजिनच्या कडेवर सोललं गेलं. तिने वाकून बोल्ट पाहिला. कोपरे झिजून गोल व्हायला लागले होते.

गॅलरीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "आसू," बाबा वरून म्हणाले, "पुरे कर आता. हात मोडून घेशील. लोखंडच आहे ते."

तिला वाईट त्या 'लोखंडच'चं वाटलं. याच लोखंडाच्या पुढच्या जागेत उभं राहून ती बालवाडीत गेली होती. याच्यावरच बाबांनी तिला क्लच शिकवला होता, एकदाही न ओरडता, ओरडण्यासारखं पुष्कळ घडूनसुद्धा.

"बघू हात," राजरत्न म्हणाला. त्याने तिची बोटं हातात घेतली आणि रक्त पाहताच स्वतःच पांढरा पडला.

"तुम्ही बसा," ती म्हणाली. "माझ्या बॅगेत सगळं आहे. रोजचंच काम माझं." तिने स्वतःच्या बोटांना पट्टी लावली आणि मग त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली. "सर चक्कर येऊन पडले तर मी पोरांना काय सांगू?"

"सांगा... प्रयोग फसला."

तिचं सगळं अंग एकदम रिकामं झालं. उन्हं कलली होती, भंगारवाला येईलच. ती तशीच स्कूटरशेजारी गार फरशीवर आडवी झाली. "पाच मिनिटं. मग देऊन टाकू. मी आता रडणारपण नाही, उगाच कोण उठून तोंड धुणार."

तो खाली बसला. तिच्या डोक्याशी त्याने मावशीच्या गादीचं टोक सरकवलं, एवढंच.

ती पडल्या पडल्या वर बघत राहिली. स्कूटरचं पोट. मळ, गंज, मशीनच्या तेलाची चकाकी. आणि मधोमध तो बोल्ट, सरळ तिच्याकडे तोंड करून. वर्षभरात त्याला असं समोरून कोणी पाहिलंच नव्हतं. सगळे वरून वाकायचे, चाचपून पाना लावायचे आणि...

"सर," ती म्हणाली.

"हं?"

"बोल्ट कुठल्या दिशेला सुटतो?"

"घड्याळाच्या काट्याच्या उलट. हे सातवीतल्या पोराला..."

"हात द्या."

"काय?"

"तुमचा हात. घड्याळाचा."

त्याने हात पुढे केला. तिने त्याचं मनगट धरलं आणि घड्याळाचं तोंड जमिनीकडे वळवलं, बोल्टसारखं. ती खालून बघत होती, तो वरून. त्याची नाडी तिच्या बोटांखाली धावत होती. नाडी तिला बरी कळायची, ही जरा जास्तच धावत होती.

"मला काटा बरोबर फिरताना दिसतोय," ती म्हणाली. "आता तुम्ही वरून बघताय असं समजा. घड्याळ काचेचं आहे, आरपार दिसतं. तुम्हाला काटा कसा फिरताना दिसेल?"

तो बघत राहिला. त्याचं तोंड हळूहळू उघडलं.

"...उलटा."

"उलटा."

"म्हणजे वरून बघून आपण ज्याला सोडवणं म्हणतोय..."

"ते आवळणं आहे."

"गोपीनाथकाका..."

"आवळून गेले. दिवाळीतपण, आजपण. बाबा, वॉचमन, सगळे. अख्ख्या निशिगंधने वर्षभर आळीपाळीने येऊन आवळलाय तो. म्हणून तर थोडा हलतो प्रत्येक वेळी."

"आणि विज्ञानाच्या सरांनी शेवटचा हिसका दिला," तो म्हणाला.

मग जे हसू आलं ते थांबेना. ती आडवी, तो बसलेला, दोघांच्या डोळ्यांत पाणी. इतकी दमलेली माणसं हसायला लागली की ते हसणं रडण्याच्या अगदी शेजारच्या खोलीत असतं. जिन्यावरून मावशी म्हणाली, "याला ऊन लागलं वाटतं," आणि मशीनवर पदर घातला.

पुढचं सोपं नव्हतं, पण दिशा तरी कळली होती. कोपरे झिजले होते म्हणून राजरत्नने बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून पाना आणि बोल्टच्या मध्ये ठोकून बसवली. पाना गच्च बसला. पुन्हा उकळतं पाणी, पुन्हा तेल, पुन्हा टकटक. आसावरी आडवीच राहिली आणि खालून सांगत राहिली, "तुमच्या उजवीकडे. नाही... माझ्या नाही, तुमच्या."

"आता तरी 'तू' म्हणा," नळीवर जोर देता देता तो म्हणाला. "कोणाच्या उजवीकडे ते तरी पटकन कळेल."

"आधी सुटू दे."

कट्.

एवढासाच आवाज. गोपीनाथकाकांचा हिसका, बाबांचा हिसका, दिवाळी, होळी, सगळं त्या एका आवाजात मोडलं. आसावरीने बोटांनीच बोल्ट फिरवला. तो गुपचूप फिरला, जणू काही झालंच नव्हतं. खाली सरकवलेल्या पातेल्यात ऑइल पडू लागलं, पाण्याने फाटलेलं, थेट टपरीवरच्या चहाच्या रंगाचं.

तिने आणून ठेवलेला नवीन ऑइलचा डबा उघडला, त्यातल्या थोड्या ऑइलने इंजिन आतून धुऊन काढलं, बोल्ट परत बसवला, मग बाकीचं भरलं. पेट्रोल बदललं, प्लग पुसला. किक मारली. काही नाही. पुन्हा. काहीच नाही. राजरत्नने मारली. स्कूटर नुसती खोकली.

"डावीकडे कलती कर तिला."

बाबा. कठडा धरत, एकेक पायरी करत, ते खाली आले होते. त्यांनी हँडल हातात घेतलं, स्कूटर डाव्या बाजूला झुकवली, एखाद्याचा कान ऐकायला वळवावा तशी, क्षणभर धरली, सरळ केली. "मार आता."

आसावरीने मारली. स्कूटर खोकली, शिंकली, पांढऱ्या धुराचा एक मोठा लोट सोडला आणि... चालू. निशिगंधच्या रिकाम्या भिंतींमध्ये तो जुना आवाज घुमला. बाबांनी हात हँडलवरून काढलाच नाही. त्यांच्या हाताबरोबर त्यांचा चेहरापण जरा थरथरत होता. इंजिनमुळे असेल.

तेवढ्यात मावशी जिन्यावरून उठली. "राजा, अरे हा ड्रायव्हर आत आलाय बघ. म्हणतो, मघापासून नाक्यावर उभा आहे. तूच म्हणालास म्हणे फोनवर, थांब म्हणून?"

आसावरीने त्याच्याकडे पाहिलं. तो बोल्टचं गंजलेलं वायसर निरखून बघत होता. एवढं बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"अडकला होता ना टेंपो?" तिने विचारलं.

"अडकलाच होता," तो म्हणाला. मग मान वर केली. "म्हणजे... मी अडकवला. आलेला तो. मला वाटलं, बोल्ट सुटू दे. नाहीतर मी खोपटला, तू ठाकुर्लीला, आणि ही बिल्डिंग उद्या नाहीच. परत यायला निमित्त काय सांगणार होतो मी? मावशीचं कपाट तर एकच आहे." तो थांबला. "आठवडाभर नीट झोपलो नाहीये. चुकीचं बोललो असेन तर झोपेवर घाल."

तो 'तू' म्हणून गेला होता. त्यालाही ते आत्ता कळलं.

हत्ती, गादी, सगळं टेंपोत चढलं. पुढे ड्रायव्हरशेजारी मावशी बसली, मांडीवर बुद्धमूर्ती आणि उरलेल्या जागेत शिलाई मशीन. मशीन मागे ठेवायला ती काही केल्या तयार नव्हती. "हादरे बसतात. तू ट्रेनने ये," तिने भाच्याला सांगितलं आणि आसावरीला जवळ बोलावून, पदराच्या टोकाने तिच्या गालावरचा काळा पट्टा पुसला. "कधीपासूनचा आहे. या मेल्याने सांगितलं पण नाही."

आसावरीने स्कूटर वळवून घेतली. "बाबा, बसा."

"नको. मी आणि आई रिक्षाने येतो. गाडी तू आण." बाबांनी राजरत्नकडे पाहिलं. "याला सोड वाटेत. डोंबिवली स्टेशनलाच सोड, ठाकुर्लीला फास्ट लोकल थांबत नाही."

राजरत्न पायाने फरशी उकरत म्हणाला, "काका... मी स्लोने जाईन."

बाबा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ब्रेक उशिरा लागतो हिचा. नीट धरून बस."

गेटमधून भंगारवाल्याची गाडी आत येत होती आणि ही दोघं बाहेर पडत होती. संध्याकाळचा वारा गरमच होता, तरी अंगाला बरा वाटला. बोलायची गरज नव्हती, स्कूटरच दोघांच्या वाटचं बोलत होती.

"पुढच्या रविवारी काय करताय?" मागून आवाज आला.

"झोपणार."

"आणि त्याच्या पुढच्या?"

"मघाशी 'तू' म्हणालेलास," आसावरी म्हणाली, "आता परत 'करताय' कुठून आलं?"

मग तिच्या खांद्यावर, अगदी हलकेच, एक तेलकट हात टेकला. ठाकुर्लीचं वळण आलं. तिने गिअर एक खाली घेतला आणि गाडी हळू केली, लागत होती त्यापेक्षा बरीच हळू.

"पुढच्याच रविवारी ये," ती म्हणाली. "दोघं मिळून झोपा काढू. बाबा नव्या घराच्या गॅलरीत, आपण तिथल्या जिन्यावर बसल्या बसल्या. आणि येताना मावशीची कुपी आण. स्टँडचापण एक बोल्ट आहे... तोपण थोडा हलतो."